उष्टावण झाले, पुढे काय?

मूल सहा महिन्यांचे झाले की आपल्या घरांतून उष्टावणाची गडबड सुरू होते. मामाला निरोप जातो, फडताळातली चांदीची वाटी घासूनपुसून बाहेर येते, देवापुढे खिरीचा नैवेद्य होतो आणि मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाच्या ओठांना पहिले अन्न लागते. मोठा गोड सोहळा आहे, आणि तो आपण सोडला नाही ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाहुणे जेवून गेले, वाटी पुन्हा फडताळात गेली, की दुसऱ्या दिवशी बाळाच्या ताटलीत काय पडते याकडे मात्र आपले म्हणावे तसे लक्ष नसते. पहिला घास देवाच्या साक्षीने भरवावयाचा आणि पुढचे हजार घास पुडक्यातल्या पिठाच्या, चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या आणि मोबाईलच्या हवाली करावयाचे, हा प्रकार बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आणि नव्या फ्लॅटांतून सारखाच पाहावयास मिळतो. आजचे हे लिहिणे त्या पुढच्या हजार घासांविषयी आहे.

गाण्याच्या मास्तराने स्वयंपाकघरात डोकावण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण दुहेरी आहे. आमच्या एकत्र घरात धाकट्या भावाची दीड वर्षाची मुलगी आहे. तिचे आईवडील दोघेही सकाळी नोकरीवर जातात. माझी शिकवणी संध्याकाळची. आईला आता वयोमानाने खाली बसून भरवणे होत नाही. तेव्हा दुपारचे जेवण गेले वर्षभर माझ्याकडे आहे. हे पहिले कारण. दुसरे असे की, मुलाला अन्नाची गोडी लागणे आणि मुलाला स्वराची गोडी लागणे या दोन गोष्टी जितक्या जवळच्या आहेत, तितक्या दुसऱ्या कोणत्याही नसतील, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत, मिसरूड फुटण्याआधीच, दरबारच्या चाकरीत साथीला बसू लागले. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. मी त्यांच्या पन्नाशीतले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातूनच. त्यांच्या आठवणींत मैफिलींच्या खालोखाल जागा असे ती शिध्याला. सणावारी घरी तांदूळ, डाळ, गहू, गूळ, तूप असा कोरडा शिधा येई. शिजवलेले काही नाही. शिजवायचे ते घरी. वडील म्हणत की, शिधा सर्वांना सारखाच मिळे, पण प्रत्येक घरच्या वरणाची चव निराळी असे. घरातले मूल त्या चवीत वाढे आणि पुढे कितीही पक्वान्ने खाल्ली तरी जीभ शेवटी त्या वरणाशीच येऊन ठरे. गाणाऱ्याचा कान जसा लहानपणी ऐकलेल्या तंबोऱ्याशी ठरतो, तसेच हे.

आता हा केवळ जुन्या माणसांचा जिव्हाळा म्हणून बाजूला सारता येणार नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांपैकी देशात शंभरांत ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. गुजरातेत तेच प्रमाण शंभरांत जवळजवळ ८० भरले. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांत, वयाला पुरेसा असा आहार मिळणारी मुले देशभरात शंभरांत अवघी ११. हे सारे दारिद्र्याचेच फळ आहे असे म्हणून सुस्थितीतल्या घरांनी निश्चिंत राहू नये. रक्तक्षयातून तीही सुटलेली नाहीत. ज्या घरात तांदळाचे डबे भरलेले आहेत, तूप आहे, खंडेराव मार्केटातून ताजी भाजी येते, त्या घरचे मूल फिकट आणि चिडचिडे का दिसावे? अन्न घरात नसते म्हणून नव्हे. ते मुलाच्या ताटलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून.

ते का पोहोचत नाही हे पाहू गेल्यास पहिले कारण सापडते ते असे की, लहान मुलाचे जेवण म्हणजे काहीतरी निराळे, पातळ आणि पांढरे असावे अशी आपली समजूत होऊन बसली आहे. वरण घट्ट असते म्हणून त्याच्यावरचे पाणी द्यायचे. भात जड म्हणून पेज द्यायची. भाजी पचणार नाही म्हणून ती द्यायचीच नाही. मुलाचे पोट ते केवढे! त्या इवल्याशा पोटात वाटीभर वरणाचे पाणी गेले की ते भरते, पण त्यात सत्त्व किती गेले? जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे, त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावर पाजणे चालू ठेवावे. हे वरचे अन्न चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट असावे. पहिल्या वर्षाच्या वाढदिवसानंतर पाव लिटरच्या वाटीने पाऊण ते एक वाटी, असे दिवसातून तीनचार वेळा, आणि मध्ये एकदोन वेळा थोडेसे खाणे. इतके मूल जेवते हे ऐकून कित्येक घरांना आश्चर्य वाटते.

येथे उष्टावणाविषयीही एक गोष्ट सांगून टाकतो. मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करावे अशी चाल आहे. त्यामुळे काही घरी मुलीला पाचव्या महिन्यातच अन्न लावतात. चाल मोडावयास नको; मुलीचे उष्टावण सातव्यात करावे. शास्त्रही राहते आणि पोटही.

मग ताटलीत घालावे काय? माझे उत्तर सरळ आहे : जे घरात शिजते तेच. निराळा स्वयंपाक नको, निराळे पुडके नको. रोजच्या पातेल्यातून, तिखट आणि मीठ पडण्याआधी, मुलाची वाटी काढून ठेवावी. एक वर्षाच्या आत मीठ घालण्याचे कारणच नाही. त्यानंतर अगदी बेताने. आमच्याकडे साधारण क्रम असा आहे. सकाळी मोड आलेल्या नाचणीची लापशी, तीत कुस्करलेले केळे किंवा चिकू. दहाच्या सुमारास पपईच्या किंवा पेरूच्या बिया काढलेल्या मऊ फोडी. दुपारी आटवल भात, म्हणजे तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून, त्यावर चमचाभर तूप आणि लिंबाचे चार थेंब; सोबत त्या दिवशी जी भाजी असेल ती, मग लाल भोपळा असो, दुधी असो की पालक. चार वाजता घरचे दही किंवा उकडलेले रताळे. रात्री वरणात कुस्करलेली मऊ पोळी किंवा भाकरी. शेजारच्या बेन हिवाळ्यात बाजरीची राब करतात, तीही आम्ही मुलीसाठी वाटीभर मागून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहून खिचडी-कढी आणि हांडवा आपल्या घरचाच झाला आहे. ज्या घरी चालते त्यांनी अंडे, मासा, मटणाचे मऊ शिजवलेले बारीक तुकडे खुशाल द्यावेत; रक्तवाढीला त्यांच्याइतके उपयोगी फार थोडे आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी डाळी, कडधान्ये, हिरवा पाला यांवर भर द्यावा आणि त्यांच्याबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू ठेवावा. वनस्पतीतले लोह एरवी शरीर फार थोडे घेते. आंबट फळाच्या संगतीने ते अधिक घेते. उलट चहा ते लोह अडवून धरतो. जेवणापाठोपाठ मुलाला बशीत चहा ओतून देणाऱ्या आजोबांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

नाचणीविषयी दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण आपल्या आज्यांचे शहाणपण तिच्यात भरलेले आहे. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. एवढा खटाटोप कशासाठी, असे नव्या सुनेला वाटते. धान्याला मोड येताना त्याच्यातच पिष्टाचे विघटन करणारा पाचक घटक तयार होतो. त्यामुळे लापशीत पीठ अधिक घातले तरी ती चिकट खळीसारखी होत नाही, आणि लहान पोटात थोड्या घासांत पुष्कळ पोषण जाते. शिवाय धान्यातले लोह आणि चुना अडवून ठेवणारा अंश मोड आणल्याने कमी होतो. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. पांढऱ्या तांदळात तो दहाच्या आसपास. डांगातल्या आदिवासी शेतकऱ्यांची नागली ती हीच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा मोठ्या हॉटेलांतून नाचणीचे केक निघाले. आपल्या घरी मात्र तिचा डबा कित्येक वर्षांपूर्वी रिकामा झाला तो झालाच.

दुधाचेही तेच. दूध म्हणजे सर्व काही, या समजुतीने दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी लिटरभर दूध पाजणारी घरे मी पाहिली आहेत. वर्षानंतर अर्ध्या लिटरापर्यंत दूध पुरे होते. त्याहून अधिक दिले की भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसल्यामुळे गुटगुटीत दिसणारे मूलही रक्ताने कमी असू शकते.

एवढे सांगून झाल्यावर आया म्हणतात, मास्तर, हे सारे खरे, पण ते खात नाही ना! थुंकून टाकते. भोपळा दाखवला की तोंड फिरवते. येथेच मला माझा धंदा आठवतो. माझ्याकडे सात वर्षांचे मूल शिकावयास येते. पहिल्या दिवशी मी त्याला कोमल ऋषभ ऐकवतो आणि म्हणावयास सांगतो. त्याला तो लागत नाही. मी काय करतो? त्या मुलाला कोमल ऋषभ आवडत नाही, असे त्याच्या आईला सांगून तो कायमचा सोडून देतो काय? तंबोरा लावून त्याला शेजारी बसवतो. उद्या पुन्हा ऐकवतो, परवा पुन्हा. रागावत नाही, लाच देत नाही. एक दिवस स्वर आपोआप ठिकाणावर येतो. नव्या चवीचेही असेच आहे. या विषयाचा अभ्यास केलेल्या लोकांना असे आढळले आहे की, नवा पदार्थ मुलाने स्वीकारावा यासाठी तो आठदहा वेळा, कधी पंधरा वेळा, त्याच्यापुढे यावा लागतो. आपण दोनतीन वेळा देऊन पाहतो, मूल तोंड वाकडे करते, आणि त्याला भोपळा आवडत नाही असा निकाल आपण जन्मभरासाठी लावून टाकतो. आमच्या पुतणीने दुधी अकराव्या की बाराव्या खेपेला गिळला. त्याआधी प्रत्येक वेळी तिच्या ताटलीत त्याची एक फोड असे; तिने ती चिवडली, फेकली, एकदा माझ्या सदऱ्याला पुसली. कोणी काही बोलले नाही. ही तालीम आहे, आणि तालमीत घाई चालत नाही.

तालीम आणि जुलूम यांतला फरक मात्र ओळखला पाहिजे. हातपाय धरून, नाक दाबून घास कोंबणे हा जुलूम आहे. ज्या मुलाला दटावून गायला बसवले ते पुढे गाणे सोडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोंबून भरवलेले मूल जेवणाची वेळ झाली की रडू लागते, हेही तितकेच खरे. मोबाईल लावून भरवणे हे दिसावयास सौम्य, पण त्याच जातीचे. पडद्यावर चित्रे हलत असतात, तोंड उघडते, घास आत जातो. मुलाला आपण काय खाल्ले, किती खाल्ले, पोट केव्हा भरले, यांपैकी काहीच कळत नाही. कान बंद ठेवून गाणे शिकवावे तसे हे आहे. नियम सोपा आहे. काय द्यावयाचे, केव्हा आणि कोठे द्यावयाचे, हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खावयाचे आणि खावयाचे की नाही, हे मुलाने ठरवावे. मोठ्यांनी आपले काम नीट केले, तर मुलाचे काम मूल नीट करते.

यावर विश्वास बसत नसेल तर एक जुना प्रयोग सांगतो. १९२६ च्या सुमारास अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरीण बाईंनी नुकत्याच अंगावरून सुटलेल्या तान्ह्या मुलांपुढे निरनिराळ्या वाट्यांतून साधे अन्न ठेवावयास सुरुवात केली. धान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मांस असे मिळून ३४ पदार्थ त्यांच्या यादीत होते. परिचारिका शेजारी बसत, पण कोणता पदार्थ खा असे सुचवीत नसत. १५ मुलांवरचा हा प्रयोग कित्येक वर्षे चालला आणि १९३९ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाचे जेवण निराळे, रोजचे जेवणही चमत्कारिक. पण मुले सगळी चांगली वाढली. मात्र यातली खरी मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली आहे : ती त्या यादीत होती. यादीत साखर नव्हती, डबाबंद वस्तू नव्हती. मुलाची जीभ शहाणी असते, पण तिच्यापुढे काय ठेवावयाचे हे शहाणपण मोठ्यांचे. पुढ्यात वरणभाताची वाटी आणि चॉकलेटची वडी शेजारी शेजारी ठेवून, मुलाने वरणभात निवडला नाही म्हणून कपाळाला हात लावण्यात काय अर्थ आहे?

आता पुडक्यांविषयी. बाजारातली प्रत्येक वस्तू वाईट, असे माझे म्हणणे नाही. आईला दूध नसेल, मूल अशक्त असेल, तर डॉक्टर सांगतील तसे करावे. परंतु आपल्या देशात १९९२ साली एक कायदा झाला आहे आणि २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दुधाच्या भुकटीची आणि तयार बालान्नाची जाहिरात करण्यास त्याने मनाई केली आहे. सरकारला असा कायदा का करावा लागला, याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने इंटरनेटवरील दुकानांना असेही बजावले की, माल्टची किंवा दुधाची पेये आरोग्यपेये या सदराखाली विकू नयेत, कारण अशी कोणतीही व्याख्या कायद्यात नाही. आपण मात्र दुधात ती भुकटी कालवून मूल उंच होण्याची वाट पाहतो. पुडके घ्यावयाचेच असेल तर त्याच्या मागची बारीक अक्षरे वाचावीत. साखर पहिल्या तीनचार नावांत असेल तर ते पुडके तेथेच ठेवावे. दोन वर्षांच्या आत साखर न लावणे हेच उत्तम. आणि हे लक्षात असू द्यावे की, गूळ म्हणजे काही अमृत नव्हे; मुलाच्या दातांना आणि जिभेला गूळ आणि साखर यांत फारसा फरक कळत नाही. उत्तरायणाच्या दिवशी उंधियूबरोबर जिलबीचा एक तुकडा मोठ्या मुलाने खाल्ला तर आकाश कोसळत नाही. रोजच्या दुधातली साखर ही खरी गोष्ट.

जुने ते सारे सोने, असेही मी म्हणत नाही. जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवण्याची चाल आपल्यात आहे. मधात क्वचित असे जंतुबीज असते की वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात ते वाढून त्याला लुळेपणा आणू शकते. तेव्हा एक वर्ष पुरे होईपर्यंत मध बोटालाही लावू नये. तसेच, मूल गुबगुबीत म्हणजे निरोगी, ही समजूतही जुनीच, आणि ती सोडण्याजोगी आहे. परंपरेतले काय ठेवावे आणि काय टाकावे हे पाहण्याचे धैर्य आपल्या पूर्वजांनी दाखवले होते, म्हणून तर या शहराचे नाव झाले.

राहिला प्रश्न हे करावयाचे कोणी? हे वाचून कोणी सासूबाई सुनेपुढे वर्तमानपत्र टाकतील आणि म्हणतील, बघ, मास्तर काय लिहितात, तर माझ्या लिहिण्याचा विपर्यास होईल. सून सकाळी साडेआठला घराबाहेर पडते. तिच्या खांद्यावर आणखी एक ओझे टाकण्यासाठी हे लिहिलेले नाही. पातेले घराचे आहे. मूलही घराचे आहे. नाचणी भिजवणे, पपई चिरणे, मुलाशेजारी अर्धा तास शांतपणे बसणे, यात पुरुषांना न जमण्यासारखे काय आहे? निवृत्त आजोबा सकाळी कमाटीबागेत तीन फेऱ्या मारून येतात. त्यांना नातवापुढे बसून वाटीभर भात भरवण्यास कमीपणा कोणता? मुलाला निराळे शिजवावयाचे नाही, आपल्यातलेच द्यावयाचे, असे ठरले की काम फारसे वाढत नाही. वाढतो तो वेळ, आणि तो वेळ घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावयाचा. यात आणखी एक लाभ आहे. मुलाला भोपळा द्यावयाचा तर तो आपल्याही ताटात असावा लागतो. मुलासाठी म्हणून घरचे सगळे ताट सुधारते.

बडोद्याने या बाबतीत मागे राहावे हे मला विशेष खटकते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात लागू केले. त्याच्या वीस वर्षे आधी, १८८६ मध्ये, मौलाबक्षांची गायनशाळा येथे निघाली आणि घराण्यांच्या भिंतींआड राहिलेली विद्या स्वरलिपीत उतरून सामान्य मुलांच्या हाती आली. १९५० साली, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, आपल्या विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा सुरू झाली. स्वयंपाकघर हाही विद्यापीठाच्या अभ्यासाचा विषय आहे, असे या शहराने त्या काळात मान्य केले. अशा शहरातल्या जुन्या घरांनी आपल्या आज्यांची विद्या आज्यांबरोबरच जाऊ द्यावी काय?

म्हणून दोन सूचना करतो. पहिली अशी की, ज्या घरात आजी आहे त्या घराने तिच्याजवळ बसून लहान मुलांचे पदार्थ मापासकट लिहून घ्यावेत. किती नाचणी, किती पाणी, किती वेळ. आटवलाला डाळ किती आणि तांदूळ किती. दात येताना ती काय देत असे, आजारातून उठताना काय. आज्यांची मापे मुठीची आणि चिमटीची असतात. ती वाटीचमच्यात उतरवून घ्यावीत. ही आपल्या घरची स्वरलिपी होय. आपल्या मराठी मंडळांनी अशी टिपणे गोळा करावीत, विद्यापीठातल्या आहारशास्त्राच्या जाणकारांकडून तपासून घ्यावीत, आणि छोटी पुस्तिका काढून प्रत्येक उष्टावणाच्या घरी आहेर म्हणून द्यावी. चांदीच्या वाटीबरोबर वाटीत काय घालावे हेही गेले पाहिजे.

दुसरी सूचना बोरन्हाणाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे लहानग्यांना काळे झबले घालून, हलव्याचे दागिने चढवून, त्यांच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे यांचा वर्षाव करतात. त्या ऋतूत शेतात जे पिकते ते सारे मुलाच्या अंगावरून ओतायचे, आणि गल्लीतल्या पोरांनी ते वेचून खायचे. ऋतूतल्या अन्नाची मुलाशी ओळख करून देण्याचा याहून सुंदर प्रकार कोणाला सुचला असेल? अलीकडे बोरांच्या आणि घाट्यांच्या जागी चकचकीत कागदातल्या गोळ्या आणि चॉकलेटे येऊ लागली आहेत. या संक्रांतीला ती बाजारातच राहू द्यावीत. एवढे मात्र जपावे की, चारपाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात अख्खा शेंगदाणा, बोराची आठोळी किंवा उसाचा करवा जाऊ नये; घशात अडकण्याचे भय असते. वेचून खाण्याचा मान मोठ्या मुलांचा. लहानग्याला तेच बोर आठोळी काढून, सोलून, कुस्करून द्यावे.

या शहरात आता आपण थोडे आहोत. पोरे इंग्रजीत शिकतात, दारी गुजराती बोलतात, परदेशी जातात. त्यांच्यापैकी किती जण पुढे मराठी वाचतील हे सांगवत नाही. भाषा टिकवण्यासाठी सभा होतात, ठराव होतात, ते व्हावेत. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलापाशी अजून भाषा पुरती आलेली नसते, आणि चव मात्र आलेली असते. त्या वयात ज्याच्या जिभेवर घरचे वरण, घरची लापशी, ऋतूतले बोर उतरले, त्याला आपले घर कोणते हे पुढे कोणी शिकवावे लागत नाही. उष्टावणाचा पहिला घास मामा भरवतो. त्यानंतरचे घास आपण सर्वांनी, आळीपाळीने, मोबाईल बाजूला ठेवून, भरवावयाचे आहेत.